आदिनाथची जागा

मेथी निवडता निवडता मी करिष्मानं तिच्या अंगणवाडीतून पाठवलेला व्हिडिओ बघत होते आणि त्यात कोणीतरी 'ओ' म्हणालं. एवढंच झालं. दार आपटलं नाही, दिवे गेले नाहीत, खाली सोसायटीत पाण्याचा टँकर लागला होता त्याची मोटार आपली घुं करत राहिली. अंगणवाडीच्या व्हिडिओत पोरानं ओ देण्यात दचकण्यासारखं काय असतं म्हणा. पोरांनी ओ द्यावी म्हणून तर आम्ही सगळा खटाटोप करतो. पण मी व्हिडिओ मागे नेला, आवाज वाढवला, पुन्हा ऐकलं. व्हिडिओतली सगळी पोरं तोंड मिटून बसली होती. वाडीच ती केवढीशी, पोरं एका नजरेत मावत होती. गोल करून मांडी घातलेली, कोणाचं नाक वाहतंय, कोणी शेजारणीच्या वेणीशी चाळा करतंय, आणि सगळ्यांचे ओठ बंद. मधे सतरंजीवर छोटा स्पीकर, आणि त्या स्पीकरमधून माझाच आवाज हाक मारत होता. आदिनाथ. मग शांतता. पुन्हा, आदिनाथ. पुन्हा शांतता. त्या दुसऱ्या शांततेत, मागून कुठून तरी, खिडकीकडून असेल, लाडात आल्यासारखा लांबवलेला 'ओ' आला. आदिनाथ माझा मुलगा. तो त्या वेळी माझ्यासमोर फरशीवर बसून कपड्यांचे चिमटे मांडत होता, एक उभा, एक आडवा, एक उभा, एक आडवा. त्याला साडेतीन वर्षं झाली होती, आणि त्यानं कधीच कोणाच्याही हाकेला ओ दिलेली नव्हती.

मी ज्या संस्थेत आहे ती अंगणवाडीच्या सेविकांना शिकवते. अर्धं शिक्षण मोबाइलवर, अर्धं महिन्यातून एकदा लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये समोरासमोर. साहेब लोक त्याला ब्लेंडेड म्हणतात. सेविकांनी पहिल्याच दिवशी त्याचा मिक्सर केला. 'ताई, ह्या महिन्याला मिक्सर कवा हाय?' असं विचारतात आणि मी हसून तारीख सांगते. हॉलमध्ये त्या पोरांसारख्या गोल बसतात, खिडकीतून धुकं आत येतं, खालच्या दुकानातून चिक्कीच्या पाकाचा वास येतो, आणि मी त्यांना सांगत असते की मुलाला नावानं हाक मारा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, थांबा, त्याला वेळ द्या. हे मी फार छान सांगते. सगळेच म्हणतात. मग महिनाभर त्या आपापल्या वाडीवर मोबाइलवरचे धडे पोरांसमोर स्पीकरवर लावतात, तसं करून बघतात, त्याचा व्हिडिओ मला पाठवतात आणि मी घरी भाजी निवडत त्यांना आवाजी निरोप पाठवते, छान झालं ताई, पण पुढच्या वेळी जरा खाली बसा बरं का. हाकेचा धडा मीच लिहिला, मीच बोलले. वाड्यांवर रेंजचे वांधे, म्हणून चित्र नको, नुसता आवाज ठेवू असं ठरलं. घरात प्रतिध्वनी येतो म्हणून मी गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग केलं. नाव कोणतं घ्यायचं? खोटं नाव घेतलं की आवाज खोटा येतो. मी आदिनाथ म्हटलं आणि आवाजात बरोबर ते आलं जे यायला हवं होतं. आदिनाथ कपाटाबाहेरच बसला होता. दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा त्यानं मान वर केली नाही. रेकॉर्डिंग मात्र एका दमात झालं, ऑफिसात सगळ्यांना आवडलं.

आमच्या धड्यात नियम आहे. दोनदा हाक मारायची, दोन्ही वेळा थांबायचं, मुलानं बघितलं नाही तर खूण करून ठेवायची आणि पुढे डॉक्टरांकडे पाठवायचं. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी मुलं वेळेवर दवाखान्यात पोचलीत. फक्त तो नियम माझ्याच घरात येऊन बसेल असं मला वाटलं नव्हतं. आदिनाथचे कान तपासून झालेत, कान उत्तम आहेत. स्टीलचा डबा उघडला तर आतल्या खोलीतून पळत येतो. हसतो, रडतो, झोपताना गुणगुणतो. पण तेव्हा नाव घेतलं की काही नाही, जणू ते नाव शेजारच्या फ्लॅटमधल्या कोणाचं तरी आहे. आई म्हणायचा नाही. काहीच म्हणायचा नाही. कैलास, माझा नवरा, कंपनीत शिफ्टला जातो, तो म्हणायचा, माझा चुलताही उशिराच बोलला होता, तू उगीच धड्यातलं घरात आणतेस. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती, ती पुढच्या महिन्यातली होती. तोवर मी रोज त्याला दोनदा हाक मारायचे आणि गप्प बसायचे. तिसरी मारत नव्हते. तिसरी हाक म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटायचं. मला त्याचा राग यायचा, हे सांगून टाकते, आणि राग आला की इतकी लाज वाटायची की मी संडासात जाऊन नळ सोडून बसायचे. लोणावळ्याच्या हॉलमध्ये मी त्याला कधीच नेलं नाही. हिचंच पोर बघत नाही हिच्याकडे, असं एकीच्याही डोळ्यांत दिसलं असतं तर मी पुन्हा तोंड उघडू शकले नसते.

तर तो 'ओ'. जो आवाज कधी ऐकलाच नाही तो ओळखला कसा, असं कोणी विचारेल. मला सांगता येणार नाही. झोपताना तो जे गुणगुणतो त्याच्या तळाशी जो आवाज असतो तोच होता. मी कानाला मोबाइल लावून स्वयंपाकघरात उभी होते, व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होते, आणि तो बाहेर एक उभा, एक आडवा करत होता. शेवटी करिष्माला फोन लावला. करिष्मा पवनानगरच्या वर डोंगरातल्या ठाकरवाडीची, बारावी झालेली, वयानं लहान, पण माझ्या सगळ्या सेविकांत हुशार. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, व्हिडिओत ओ कोणी दिली गं? ती हसली. म्हणाली, पोरं म्हणतात आदिनाथ देतो. कोण आदिनाथ? तर म्हणाली, ताई, तुमच्या धड्यातला. रोज नाव ऐकून ऐकून पोरांनी त्याला वर्गातच घेतलाय. गोलात त्याची जागा ठेवतात. खिचडी आली की त्याच्यापुढंही चिमूटभर ठेवतात. मी म्हटलं, बरं आहे की, कल्पनाशक्ती. आणि फोन ठेवल्यावर व्हिडिओ पुन्हा लावला. गोलात खिडकीच्या बाजूला एक जागा रिकामी होती. मी आधी बघितली होती, पण कोणी पोर शू करायला गेलं असेल असं धरून चालले होते. त्या जागेपुढं जमिनीवर काहीतरी बारीक मांडलेलं होतं. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून बघितलं. चिंचोके होते. एक उभा, एक आडवा, एक उभा, एक आडवा.

आपल्याला कामाचा ताण आहे, हे मी स्वतःला बजावलं. पोरं काहीही मांडतात. सगळीच पोरं ओळी करतात, माझ्याच धड्यात तसं लिहिलंय. दोन रात्री मी नीट झोपले नाही, आणि शनिवारी कैलासची शिफ्ट होती, आदिनाथला ठेवायला कोणी नव्हतं, असं मी ऑफिसात सांगितलं आणि त्याला घेऊन निघाले. खरं तर शेजारच्या काकू ठेवायला तयार होत्या. तळेगावहून लोकलनं कामशेत, तिथून पवनानगरची जीप. जीपमध्ये धरणावर तंबूत राहायला निघालेली पोरंपोरी होती, त्यांच्या स्पीकरवर गाणी चालली होती. आदिनाथ माझ्या मांडीवर खिडकीकडे तोंड करून बसला होता. एका वळणावर पाणी दिसलं आणि तो ताठ झाला. त्यानं काच थापटली. आपल्या इमारतीचं फाटक दिसलं की तो असं करतो.

वाडीपर्यंत शेवटची चढण पायी आहे. मी त्याला कडेवर घेतलं होतं, पण तो खाली उतरला आणि पुढे चालायला लागला. पायवाटेला दोन फाटे होते, एक खाली विहिरीकडे जाणारा. त्यानं वरचा धरला. अंगणवाडीचा तोच होता. खाली धरणाचं पाणी पसरलेलं, थंडीतलं धुकं अजून त्याच्यावर बसलेलं, पलीकडच्या काठावर रंगीत तंबू, आणि तिकडे कोणी हसलं तरी इकडे शेजारी हसल्यासारखं ऐकू येत होतं. पाण्यावरून आवाज येतो, मी मनात म्हटलं. तंबूतल्या कोणा पोराचा आवाज आला असेल त्या दिवशी, बाकी काही नाही. मला एवढं बरं वाटलं की मी मोठ्यानं 'बघ, बोटी' असंही आदिनाथला म्हणाले. त्यानं बोटींकडे बघितलं नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर पोपट आणि आगगाडी रंगवलेली आहे, दाराशी चपला पडल्या होत्या. त्यानं स्वतःच्या चपला काढल्या, एकाशेजारी एक ठेवल्या, जे तो घरी मरमर सांगूनही करत नाही, आणि आत गेला. पोरं गोल बसली होती. कोणीही मान वळवली नाही. नवं पोर वर्गात आलं की बाकीची कशी टकामका बघतात ते मला माहीत आहे, माझं ते कामच आहे. यांनी बघितलंच नाही. एक मुलगी फक्त थोडी सरकली. तो खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसला आणि चिंचोक्यांची ओळ जिथं संपली होती तिथून पुढे मांडायला लागला.

करिष्मा माझ्याकडे बघत होती. तिला मी सांगितलं नव्हतं की आदिनाथ नावाचं पोर खरंच आहे. आता सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या धोंडाबाई बोलल्या. धोंडाबाई तिथल्या मदतनीस, खिचडी करतात, पोरांना घरून आणतात, तोंडात कायम मिश्री आणि कपाळावर कायम आठी. मिक्सरला त्या कधी आल्या नाहीत आणि माझ्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी हातातला डाव माझ्याकडे रोखला.

"ही तूच का दोन हाकांची बाई?"

म्हटलं, हो, माझाच आवाज आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते सलग नव्हतंच. मधे त्या खिचडी ढवळत होत्या, एका पोराला ओरडल्या, गॅसची शेगडी कधी मिळणार ते मला विचारलं. त्यातून जुळवून मला कळलं ते असं. त्यांच्या वाडीत पोराला चालायला यायच्या आधी शिकवतात, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. रानातून, पाण्याकडून जे कोणी बोलावतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी हाक माणसाचीच. म्हणून करिष्मा धडा लावून मग एकेकाला दोनदा हाक मारते तेव्हा पोरं गप्प बसतात, आणि मी, ताईसाहेब, तळेगावात बसून त्या सबंध वाडीच्या नावापुढे खुणा करते, प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही. करिष्मानं ओशाळून सांगितलं की तिला हे माहीत होतं, तीही तशीच वाढली. पण धड्यात लिहिलंय ते बरोबरच असणार, असं तिला वाटलं.

"दोन हाका मारती आन् गप बसती," धोंडाबाई म्हणाल्या. "पोर उठतं, निघतं, निम्म्या वाटंला येतं. तिसरी न्हाई मारली तर ते जाईल कुटं?"

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि मला त्याची पर्वा वाटली नाही. शिकलेल्या बाईनं असल्या बोलण्यावर रडू नये हे मला कळत होतं. पण कपाटाबाहेर बसलेलं माझं पोर मला दिसत होतं, आणि दोनदा हाक मारून, मान खाली घालून, भाजी निवडायला लागलेली मी. रोज. मी गोलात गेले. खाली बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जसं मी सगळ्यांना सांगते. आदिनाथ. तो चिंचोके मांडत राहिला. आदिनाथ. पोरं माझ्याकडे बघत होती, आता बघत होती. तिसऱ्यांदा ते नाव निघेना, आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की मलाही तिसरी येत नाही, मीही त्या पाण्याकडून बोलावणाऱ्यांतलीच आहे. मग ते निघालं, अर्धं रडतच निघालं. आदिनाथ. त्यानं मान वर केली. माझ्या डोळ्यांत बघितलं आणि लांबवून म्हणाला, "ओ." तोच आवाज. मी त्याला उचलून छातीशी धरलं आणि मला पुढचं फारसं आठवत नाही. करिष्माही रडत होती. पोरं खिचडीकडे वळली होती.

निघताना धोंडाबाईंनी त्याच्या हातात मूठभर चिंचोके दिले. मला म्हणाल्या, ते यंत्रातलं काढून टाक. त्यातल्या बाईला तिसरी येत नाही, ती अशीच बोलवत बसेल. मी हो म्हटलं. सोमवारी ऑफिसात सांगितलं की हाकेच्या धड्यात चूक आहे, तीन हाका हव्यात, नाव बदलायला हवं. लोक चांगले आहेत, लगेच कबूल झाले. नवा धडा महिन्याभरात येईल म्हणाले. पण जुना ज्यांनी मोबाइलमध्ये उतरवून घेतलाय त्यांच्याकडून तो आपण काढू शकत नाही, आणि रेंज नाही म्हणून बहुतेक सगळ्यांनी उतरवूनच घेतलाय. मी एकेकीला फोन केले. कोणी काढला, कोणी हो ताई म्हणाली, कोणाचा फोन लागला नाही. इंदुरी गावची एकजण म्हणाली, ताई, पोरांना तुमचा आवाज लय आवडतो, राहू द्या की.

आणि आदिनाथ बोलायला लागला. आधी ओ, मग एकेक शब्द, मग दोनाचे तीन. कैलासनं कंपनीत पेढे वाटले. डॉक्टरीणबाईंची वेळ मी तरीही ठेवली आहे, तो म्हणतो कशाला. फक्त तो बोलतो ते आमच्या घरातलं नाही. पाणी हवं का विचारलं तर म्हणतो, व्हय. नको असलं की न्हाई. कैलासला याचं हसू येतं, कुठून उचललं रे हे, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावतो. मीही हसते. वाडीवर तो दोन-तीन तास होता आणि तिथं कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. हे मी कैलासला सांगितलेलं नाही. आता मी त्याला हाक मारते तेव्हा तिन्ही मारते, आणि तिसरीला तो ओ देतो, दर वेळी. एवढं मागितलं होतं, एवढं मिळालं. आणखी काय हवं असतं माणसाला.

पण सकाळी, अंगणवाड्यांमध्ये पोरांना गोल बसवायची वेळ होते तेव्हा, तो चिंचोके मांडता मांडता थांबतो. घरात कोणी बोललेलं नसतं. तो मान वर करतो आणि म्हणतो, ओ. थोड्या वेळानं पुन्हा, ओ. कधी कधी सारखं चालतं, कारण मावळात वाड्या पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची वेळ तीच. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले. आता मी त्या वेळी दुसरं काही करत नाही. ऑफिसला उशिरा जाते. त्यानं ओ दिली की धावत जाते, तिसरी हाक मारते, माझ्या तोंडानं, मोठ्यानं, म्हणजे त्याला कळावं की बोलावणारी मीच आहे, मी इथं आहे, आले आहे. तो माझ्याकडे बघून हसतो. तेवढ्यापुरतं सगळं ठीक असतं.

आज मी आधीच जाऊन बसायचं ठरवलं. तो सतरंजीवर होता, चिंचोक्यांची ओळ दारापर्यंत गेली होती. त्यानं मान वर केली. ओ, म्हणाला, आणि सरकला, त्या मुलीनं त्याच्यासाठी सरकावं तसा, आणि शेजारची जागा हातानं साफ केली. मला भरून आलं. मी आले रे, म्हटलं, आणि त्या जागेवर बसायला खाली वाकले. त्यानं दोन्ही हातांनी मला अडवलं. रागानं नाही, समजावून सांगावं तसं.

"हितं न्हाई," तो म्हणाला. "हितं आई बसती."